डेटा सेंटरला ‘नको’ म्हणायचं, तर कोणत्या कागदावर?

६ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन शहराच्या नगर परिषदेनं ७ विरुद्ध ० मतांनी एक प्रकल्प फेटाळला. टूसॉननं डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेट आणि एआय चालवणारे संगणक (सर्व्हर) ठेवायची भलीमोठी इमारत, नाकारलं, अशी बातमी झाली. पण सभेपुढच्या कागदावर ‘डेटा सेंटर हवं की नको’ असा विषयच नव्हता. विषय होता हद्दवाढीचा. शहराबाहेरची २९० एकर जमीन हद्दीत घ्यायची का, आणि घेतली तर विकासकाशी कोणत्या अटींवर करार करायचा, एवढंच नगरसेवकांना ठरवायचं होतं. त्यांनी जमीन आत घ्यायला नकार दिला.

गेली दोन-तीन वर्षं अमेरिकेतल्या शहरांच्या सभा अशा विषयांनी गाजतायत. बातम्यांमधून मात्र असा समज होतो, की नगरसेवक एआय चांगलं की वाईट यावर मतदान करतात. तसं नसतं. डेटा सेंटर सुरू किंवा बंद करायची कळ नगर परिषदेकडे नसते. तिच्याकडे असतात त्या शंभर वर्षं जुन्या गोष्टी: जमीन कशासाठी वापरायची, पाण्याची जोडणी कोणाला द्यायची, शहराची हद्द कुठपर्यंत, बांधकामाला कोणत्या अटी. वीज तिच्या हातात बहुतेक ठिकाणी नसते. इंटरनेट, एआय, कंपनीचा नफा यातलं तर काहीच नसतं. कोणता निर्णय कोणाच्या टेबलावर होतो हे एकदा कळलं, की या बातम्या वाचायला सोप्या जातात. आणि विरोध करणारे पुष्कळदा चुकीच्या टेबलापुढे का घोषणा देत असतात, तेही कळतं.

जमिनीचा रंग

ग्रीन झोन, यलो झोन हे शब्द महाराष्ट्रात शेतजमीन घेणाऱ्या-विकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात. विकास आराखड्याच्या नकाशावर हिरवा रंग म्हणजे शेती, पिवळा म्हणजे राहण्यासाठी. ‘ग्रीनचा यलो झाला’ की त्याच मातीचा भाव कुठल्या कुठे जातो. अमेरिकेतलं झोनिंग याच जातीचं. न्यूयॉर्कनं १९१६ मध्ये शहरभर लागू होणारा असा पहिला नियम केला. मग ओहायो राज्यात क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड नावाच्या छोट्या गावानं केलेले नियम एका जमीनमालक कंपनीला जाचले. तिची ६८ एकर जमीन कारखान्यांसाठी विकायची होती आणि गावानं तिचा बराचसा भाग राहण्यासाठी राखून ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९२६ मध्ये न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी गावाची बाजू घेतली. जमीन तुमची असली तरी तिच्यावर काय उभं राहील हे ठरवायचा अधिकार गावाला आहे, हे त्या दिवशी पक्कं झालं. आजच्या सगळ्या भांडणांचं मूळ तिथं आहे.

प्रत्येक झोनमध्ये वापराचे दोन मुख्य गट असतात आणि सगळी गंमत या दोन गटांतल्या फरकात आहे. पहिल्या गटातल्या वापराला सभेची परवानगी लागतच नाही. औद्योगिक पट्ट्यात गोदाम बांधायचंय? उंची, अंतरं, पार्किंग नियमात बसवा, अधिकारी नकाशा तपासतील आणि शिक्का मारतील. नगरसेवकांना ते आवडलं नाही तरी त्यांना अडवता येत नाही. अडवलं तर मालक कोर्टात जाऊन जिंकतो. दुसऱ्या गटातल्या वापराला खास परवानगी लागते. वापर कुठल्याच गटात बसत नसेल, तर जमिनीचा झोनच बदलून घ्यावा लागतो. इथे जाहीर सुनावणी होते, मतदान होतं, आणि सभा ‘नाही’ म्हणू शकते.

व्हर्जिनिया राज्यातली लाउडन काउंटी हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, पण तिचं निवडून आलेलं मंडळ झोनिंगपासून करापर्यंत बरंच काही ठरवतं. लाउडनमधल्या ॲशबर्न परिसराला ‘डेटा सेंटर ॲली’ म्हणतात. जगात एवढी दाट वस्ती या इमारतींची दुसरीकडे नाही. भारतीय कुटुंबांचीही तिथे मोठी वस्ती आहे; टाउनहाउसच्या मागच्या कुंपणापलीकडे खिडक्या नसलेली करडी भिंत, हे दृश्य तिथल्या मराठी मंडळींना चांगलं ओळखीचं आहे. ही भिंत उठताना आम्हाला कोणी विचारलं का नाही, असा प्रश्न नवीन आलेल्याला पडतो. उत्तर असं, की विचारायची गरजच नव्हती. कार्यालयं आणि हलक्या उद्योगांसाठी राखलेल्या अनेक पट्ट्यांत डेटा सेंटर पहिल्या गटात होतं. कागद नियमात बसले की झालं. काउंटीच्या मंडळानं ही थेट वाट बंद केली ती १८ मार्च २०२५ रोजी, म्हणजे ॲली उभी राहून गेल्यावर. आता तिथे नव्या प्रस्तावाला सुनावणी आणि मतदान लागतं.

म्हणून कुठल्याही गावात डेटा सेंटरची कुणकुण लागली, की पहिला प्रश्न ‘कोणाची कंपनी आहे?’ हा नाही. पहिला प्रश्न हा, की त्या जमिनीवर आज काय काय थेट बांधता येतं. त्याचं उत्तर पुष्कळदा अशा एखाद्या नियमात असतं, जो क्लाउड हा शब्द फक्त हवामानखात्यात वापरला जायचा त्या काळात मंजूर झालेला असतो.

टूसॉनची २९० एकर

आता टूसॉनकडे परत येऊ, कारण त्या एका प्रकरणात जवळजवळ सगळ्या कळा दिसतात.

जमीन शहराच्या आग्नेयेला, पिमा काउंटीच्या जत्रेच्या मैदानाजवळ. मालक खुद्द काउंटी. बील इन्फ्रास्ट्रक्चर नावाच्या विकासक कंपनीनं ती मागितली. प्रकल्पाला नाव दिलं ‘प्रोजेक्ट ब्लू’. १७ जून २०२५ रोजी काउंटीच्या पाच जणांच्या मंडळानं ३ विरुद्ध २ मतांनी जमीन २ कोटी ८ लाख डॉलरला विकायला आणि तिचा झोन बदलायला मंजुरी दिली. गुंतवणूक ३.६ अब्ज डॉलर, कायम नोकऱ्या १८०, असे आकडे मांडले गेले. या दोन आकड्यांकडे जरा बघा. एवढ्या पैशात एवढ्याच नोकऱ्या, यात फसवणूक काही नाही. डेटा सेंटर असतंच तसं. बांधकाम चालू असताना हजारो हात लागतात, नंतर यंत्रं राहतात आणि थोडे तंत्रज्ञ, थोडे पहारेकरी.

इमारतीत शेवटी कोणाचे सर्व्हर येणार, हे मात्र लोकांना सांगितलं गेलं नाही. अधिकाऱ्यांनी गोपनीयतेचे करार केले होते. मग ‘ॲरिझोना ल्युमिनारिया’ या स्थानिक वृत्तसंस्थेनं काउंटीच्याच २०२३ च्या एका टिपणातून शोधून काढलं, की मागे ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, म्हणजे ॲमेझॉनची सर्व्हर भाड्यानं देणारी कंपनी, आहे. माझ्या मते प्रकल्पाचा खरा तोल तिथेच गेला. आपली जमीन विकतायत आणि घेणारा कोण ते सांगत नाहीत, ही गोष्ट पाण्याच्या आकड्यांपेक्षा लोकांना जास्त झोंबली.

पण काउंटीनं जमीन विकली, झोन बदलला, मग शहराचा संबंध आला कुठे? पाण्यात आला. टूसॉनचं पाणी शहराचं खातं पुरवतं आणि हद्दीबाहेरच्या एवढ्या मोठ्या नव्या ग्राहकाला जोडणी हवी तर आधी हद्दीत यावं लागतं. हद्दवाढ म्हटल्यावर काय काय होतं हे कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की कोल्हापूरच्या आसपासची गावं आत यायला तयार नाहीत आणि टूसॉनचा विकासक आत यायला उतावीळ होता.

टूसॉन वाळवंटात आहे. पाण्याचा मोठा भाग कोलोरॅडो नदीतून ३३६ मैल लांबीच्या कालव्यानं येतो आणि त्या नदीत तुटवडा जाहीर होऊन काही वर्षं झालीत. विकासकाचं म्हणणं असं, की आम्ही शुद्ध करून पुन्हा वापरायचं सांडपाणी घेऊ, त्यासाठी १८ मैलांची नळवाहिनी आमच्या खर्चानं टाकू. मात्र ती होईपर्यंतची पहिली दोन वर्षं पिण्याचं पाणी लागणार होतं. ऐन उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर पारा जाणाऱ्या गावात हे वाक्य कोणाच्या गळी उतरणार?

पाणी एवढं लागतं कशाला, हे समजायला नागपूर किंवा जळगावचा डेझर्ट कूलर आठवा. वाळ्यावरून पाणी ओघळतं, हवा त्यातून जाते, पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. वीज कमी, पाणी भरपूर. एसीला पाणी लागत नाही, पण मीटर पळतं. डेटा सेंटरमधले संगणक सतत तापतात आणि त्यांना गार ठेवायलाही हेच दोन रस्ते आहेत, आणि पुढे काय घडलं ते यावरून आधीच ओळखता येतं.

जुलैअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला शहरानं लोकांसाठी माहितीच्या सभा घेतल्या. सभागृहं भरून वाहिली. ऑगस्टच्या उत्तरार्धात मतदान व्हायचं होतं. महापौर रेजिना रोमेरो आणि सहा नगरसेवकांनी तोपर्यंत थांबायचं ठरवलं नाही. ६ ऑगस्टच्या बैठकीतच हद्दवाढीची प्रक्रिया बंद करायला सगळ्यांनी मत दिलं. त्याच महिन्यात शहरानं आणखी एक काम केलं, ज्याची बातमी फारशी झाली नाही. अतिमोठ्या पाणीग्राहकांना यापुढे नगर परिषदेची मंजुरी लागेल, असा नियम केला. माझ्या दृष्टीनं ७-० पेक्षा हा नियम मोलाचा, कारण मतदान एका प्रकल्पापुरतं असतं आणि नियम पुढच्या प्रत्येकाला लागू होतो.

मग प्रोजेक्ट ब्लू संपला का? नाही. जमीन काउंटीतच राहिली आणि काउंटीची मंजुरी हातात होती. विकासकानं शहराचं पाणी सोडून दिलं आणि हवेनं गार करायची पद्धत घेतो म्हणाला. म्हणजे कूलर काढून एसी. आता प्रश्न विजेचा. टूसॉन इलेक्ट्रिक पॉवर ही खासगी वीजकंपनी आहे; तिच्यावर शहराचा नाही, राज्याच्या कॉर्पोरेशन कमिशनचा ताबा. पाच सदस्यांचं हे कमिशन अख्ख्या राज्यातले मतदार निवडतात. डिसेंबर २०२५ मध्ये त्यानं या प्रकल्पाच्या वीजकराराला मान्यता दिली.

शहरानं आपल्या हातातली कळ पूर्ण दाबली, तरी एवढंच झालं. ऑगस्टमध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांना डिसेंबरच्या कमिशनची तारीख माहीत होती, हा मला सतावणारा प्रश्न आहे. त्या कमिशनच्या निवडणुकीत उमेदवारांची नावंही बहुतेकांना आठवत नाहीत.

सभेत नेमकं काय चालतं

अमेरिकेतल्या नगर परिषदेची विषयपत्रिका पहिल्यांदा उघडली की झोप येते, आणि ती यावी अशीच तिची भाषा असते. ‘डेटा सेंटर’ असं ठळक लिहिलेलं नसतं. प्रकरणाचा क्रमांक, भूखंडाचा पत्ता, अमुक झोनमधून तमुक झोनमध्ये बदल, अर्जदार म्हणून एखाद्या वकिली फर्मचं नाव किंवा कालपरवा नोंदवलेल्या कंपनीचं. ओळखायच्या खुणा वेगळ्या: एकरांचा आकडा, जवळून जाणारी उच्चदाबाची वाहिनी, ‘नियोजित क्षेत्र विकास’ असा शब्दप्रयोग, आणि अर्जासोबत जोडलेला आवाजाचा अहवाल. गोदामाला आवाजाचा अहवाल सहसा कोणी मागत नाही.

सभेच्या सुरुवातीला एकगठ्ठा मंजुरीचे विषय असतात. मागच्या सभेचं इतिवृत्त, पाइपची खरेदी, दुरुस्तीचे करार. सगळे एका मतात मंजूर. आपल्याकडच्या महासभेत सचिव विषय वाचतात आणि बाकांवरून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो, त्याची ही जरा शिस्तीची आवृत्ती. विकासकाशी करायचे छोटे करार, अभ्यासासाठी सल्लागार नेमणं, सामंजस्य करार वगैरे याच गठ्ठ्यातून जातात आणि नंतर मोठ्या निर्णयाला आधार म्हणून दाखवले जातात. एखाद्या सदस्यानं विनंती केली तर विषय गठ्ठ्यातून बाहेर काढून त्यावर चर्चा घेता येते. म्हणून आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला सभेच्या आदल्या दिवशी केलेला एक फोन सभेतल्या भाषणापेक्षा भारी पडतो.

झोन बदलाचा विषय आधी नियोजन आयोगापुढे जातो. हे नेमलेले नागरिक असतात, त्यांचं मत म्हणजे शिफारस. अंतिम मत परिषदेचं. सुनावणीत कोणालाही बोलता येतं, साधारण तीन मिनिटं, समोर दिवा हिरव्याचा लाल होतो. ॲरिझोनात विषयपत्रिका निदान २४ तास आधी जाहीर करावी लागते आणि तिच्यात नसलेल्या विषयावर परिषदेला निर्णय घेता येत नाही. आपल्याकडच्या ‘आयत्या वेळच्या विषयां’ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. महापालिकांतले किती तरी वादग्रस्त ठराव याच दारानं आत आले.

ॲरिझोनाच्या कायद्यात आणखी एक हत्यार आहे, जे फार कमी लोक वापरतात. प्रस्तावित जागेच्या लगतच्या ठरलेल्या पट्ट्यातल्या जमिनींपैकी, क्षेत्रफळानं आणि संख्येनं दोन्ही हिशेबांत, २० टक्क्यांच्या मालकांनी लेखी विरोध नोंदवला, तर झोन बदलाला साधं बहुमत पुरत नाही. तीन-चतुर्थांश मतं लागतात. सात जणांच्या परिषदेत मग चार मतांनी भागत नाही. हजार लोकांच्या सह्यांचं ऑनलाइन निवेदन ही आकडेमोड बदलत नाही. शेजारच्या मोजक्या मालकांचं रीतसर निवेदन बदलतं.

वर्तमानपत्रातल्या जाहिरातीनं काय होऊ शकतं

प्रक्रियेला कोणी कंटाळवाणी म्हटलं, की मी प्रिन्स विल्यम काउंटीचं नाव घेतो. हीसुद्धा व्हर्जिनियातच, लाउडनला लागून. मनॅसस या यादवी युद्धाच्या रणभूमीशेजारी, २,१०० एकरांवर, ३७ डेटा सेंटर बांधायचा प्रस्ताव होता, नाव ‘डिजिटल गेटवे’. गंमत अशी, की जमीन विकायला तयार झालेल्यांत तिथले जुने रहिवासीच पुष्कळ होते. एकानं विकायचं ठरवलं की शेजाऱ्याला वाटे, आता इथे राहून तरी काय करायचं.

डिसेंबर २०२३ मध्ये मंडळाची सुनावणी सुरू झाली ती २७ तास चालली. लोक रात्रभर रांगेत उभे राहून बोलले. पहाट झाली, दुपार झाली, तेव्हा कुठे मतदान झालं: बाजूनं ४, विरोधात ३, एक तटस्थ. शिवाय हे मावळतं मंडळ होतं. अध्यक्ष ॲन व्हीलर पक्षांतर्गत निवडणुकीत आधीच हरल्या होत्या आणि त्यांच्या जागी निवडून आलेल्या डेशुंड्रा जेफरसन यांचा या प्रकल्पाला विरोध होता. त्या खुर्चीत बसायच्या काही आठवडे आधी मंजुरी उरकली गेली.

कोर्टात मग काय टिकलं? रणभूमीचा इतिहास नाही, वीज नाही, आवाज नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीशांनी झोन बदल मुळापासूनच रद्दबातल ठरवला, कारण सुनावणीची सूचना वर्तमानपत्रात कायद्यानं सांगितलेल्या रीतीनं छापली गेली नव्हती. जाहिरातीच्या वेळापत्रकात चूक होती. कंपन्यांनी पुढे अपील केलं. पण अब्जावधी डॉलरचा प्रकल्प वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या बारीक टायपातल्या मजकुरावर अडकू शकतो, हे सगळ्या काउंट्यांच्या वकिलांनी पाहून ठेवलं. काहीजण याला तांत्रिक मुद्दा म्हणतात. मला ते पटत नाही. सूचना नीट गेली नाही, तर ज्याला बोलायचं होतं त्याला कळलंच नाही. मग २७ तास कोण बोललं यापेक्षा कोण बोलू शकलं नाही हा प्रश्न उरतो.

गुणगुण, आणि पैसा

चँडलर हे ॲरिझोनातलंच आणखी एक शहर, फीनिक्सच्या शेजारी. इंटेलचे कारखाने तिथे आहेत, भारतीय तंत्रज्ञांची वस्तीही बरीच. या गावाला डेटा सेंटर नवं नाही. जुन्या एका सेंटरच्या शीतयंत्रांची गुणगुण शेजारच्या घरांत वर्षानुवर्षं ऐकू येत राहिली. मोठा आवाज नव्हे. रात्री दोन वाजता, सगळं निजल्यावर, दूर कुठेतरी विमान तापत उभं असावं तसा. नेहमीचे आवाजाचे नियम डेसिबलवर चालतात आणि अशी खालच्या पट्टीतली, न थांबणारी गुणगुण त्या मापात बसतच नाही. पोलिसांना बोलावलं, ते मीटर लावतात, आकडा मर्यादेत, निघून जातात. शहरानं २०२२ मध्ये झोनिंगचे नियम बदलले: बांधायच्या आधी आवाजाचा अभ्यास, बांधल्यावरही मोजणी, शेजाऱ्यांना तक्रारीसाठी नाव असलेला माणूस.

हा अनुभव गाठीला असल्यामुळे २०२५ मध्ये प्राइस रोड भागातल्या नव्या एआय डेटा सेंटरचा झोन बदल आला तेव्हा परिषदेला काय विचारायचं ते माहीत होतं. विकासकाच्या बाजूनं माजी सिनेटर किर्स्टन सिनेमा स्वतः नियोजन आयोगापुढे आल्या. त्यांचा मुद्दा साधारण असा, की केंद्र सरकार लवकरच हा अधिकार शहरांकडून काढून घेईल, तेव्हा आत्ताच आपल्या अटींवर होऊ द्या. ११ डिसेंबर २०२५ रोजी परिषदेनं ७-० मतांनी झोन बदल नाकारला. ‘नंतर काढून घेतील म्हणून आत्ताच द्या’ हा युक्तिवाद निवडून आलेल्या माणसापुढे करणं मला तरी विचित्र वाटतं.

पण दुसरी बाजू खोटी नाही. लाउडन काउंटीचाच हिशेब सांगतो, की डेटा सेंटरवर सेवांसाठी खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे कराचे सुमारे २६ डॉलर परत येतात. त्या इमारतींत मुलं राहत नाहीत, त्यामुळे शाळा बांधावी लागत नाही. रस्त्यावर गर्दी नाही. आणि आतली यंत्रं दर काही वर्षांनी बदलतात, त्यांवर कर लागतो. याच पैशामुळे घरमालकांच्या करावरचा ताण कमी राहतो. म्हणजे कुंपणापलीकडची करडी भिंत पाहून चिडणारा माणूस त्याच भिंतीमुळे कमी कर भरत असतो. ही गोष्ट सभेत कोणी उठून सांगत नाही.

मात्र हा सगळीकडचा हिशेब नव्हे. व्हर्जिनियात यंत्रांवरचा स्थानिक कर काउंटीला मिळतो. जिथे कायदा वेगळा आहे किंवा मोठी करमाफी दिलेली आहे, तिथे गावाच्या वाट्याला आवाज येतो आणि पैसा दुसरीकडे जातो.

आणि ऐरोली-महापे?

महाराष्ट्रात हाच खेळ वेगळ्या पटावर आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात उभी राहिलेली बरीचशी डेटा सेंटरं एमआयडीसीच्या ठाणे-बेलापूर औद्योगिक क्षेत्रात आहेत. तिथे नियोजनाचा अधिकार एमआयडीसीचा. पाणी एमआयडीसीचं, बारवी धरणातून. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, पण टूसॉनकडे जी नळाची कळ होती ती या पट्ट्यात तिच्याकडे नाही. वीज महावितरण आणि राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या अखत्यारीत. जमीन, पाणी, वीज, तिन्ही टेबलं महापालिकेच्या इमारतीबाहेर. त्यातून मे २०२० पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नवी मुंबईत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते. महासभा आणि स्थायी समिती, दोघींचे अधिकार एका प्रशासकाच्या सहीत. डेटा सेंटरचा धंदा भरात आला तो नेमका याच काळात.

एमआयडीसीबाहेर, म्हणजे महापालिकेच्या आराखड्यातल्या जमिनीवर, झोन बदलायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ३७ लागतं. महासभा ठराव करते, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना निघते, एक महिना हरकती-सूचना घेतात, सुनावणी होते आणि फाइल मंत्रालयात नगरविकास विभागाकडे जाते. अंतिम मंजुरी तिथली. याच कलमाखाली शासन स्वतःहूनही फेरबदलाची सूचना काढू शकतं. म्हणून टूसॉनसारखं ७-० मतदान आपल्याकडे झालं तरी तो शेवटचा शब्द ठरत नाही. पण हरकतीचा महिना खरा आहे आणि कोर्टात गेलेल्या कित्येक प्रकरणांत पहिला प्रश्न हाच विचारला जातो, की तुम्ही तेव्हा हरकत नोंदवली होती का.

हरकत लिहिताना पर्यावरण आणि विकास यांवरचा निबंध नको. सूचनेचा क्रमांक आणि तारीख, सर्व्हे नंबर, आपलं घर किंवा जमीन तिथून किती अंतरावर आहे, आणि मग एक-दोनच ठोस मुद्दे: डिझेल जनरेटर किती आणि कुठल्या बाजूला, गार करायची पद्धत कोणती, पाणी कोणाचं, रात्रीच्या आवाजाची मर्यादा करारात आहे का, विजेच्या उपकेंद्राची वाहिनी कोणत्या रस्त्यानं येणार. मुदतीच्या आत नगररचना विभागात अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यायचा.